तिकिटावर न उमटणारा प्रवास

प्रादेशिक सार्वजनिक वाहतुकीचे नियोजन प्रवासाच्या नोंदींवर आधारलेले असावे, या विधानाला आज कोणी हरकत घेणार नाही. खेड्यांना तालुक्याशी आणि तालुक्यांना जिल्ह्याच्या ठिकाणाशी जोडणारी वाहतूक कोणत्या मार्गावर वाढवायची, कोणती फेरी किती वाजता सोडायची आणि कोणती बंद करायची, हे ठरवताना पुढाऱ्यांचा आग्रह, आगारातल्या अधिकाऱ्यांचा अंदाज आणि वर्षानुवर्षांची वहिवाट यांपेक्षा प्रवाशांची प्रत्यक्ष मोजदाद अधिक भरवशाची, हे उघड आहे. खरा प्रश्न त्याच्या पुढे सुरू होतो. प्रवासाची नोंद ही झालेल्या प्रवासाची नोंद असते. जो प्रवास गाडी नसल्यामुळे, ती अवेळी असल्यामुळे किंवा भाडे न परवडल्यामुळे झालाच नाही, त्याची ओळ कोणत्याही यंत्रात उमटत नाही. त्यामुळे जिथे सेवा चांगली तिथे मागणी दिसते, जिथे सेवा तुटपुंजी तिथे ती दिसत नाही, आणि दिसणाऱ्या मागणीलाच गरज समजून नियोजन केले, तर ज्यांच्या दारात गाडी आहे त्यांनाच आणखी गाड्या मिळत जातात. महाराष्ट्राच्या एसटीच्या उदाहरणावरून हा प्रश्न चांगला उलगडतो, कारण तिच्याकडे नोंदींचे भांडार मोठे आहे आणि त्या नोंदींच्या मर्यादाही तिच्याच कारभारात ठळकपणे दिसतात.

१ जून १९४८ रोजी पुणे ते तेव्हाचे अहमदनगर या मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली, आणि पुढे राज्यभर अडीचशेच्या आसपास आगारांचे जाळे उभे राहिले. ‘गाव तिथे एसटी’ हे ब्रीद ज्या काळात रूढ झाले, त्या काळात वाहकाच्या हातात तिकिटांची पेटी, पंच आणि वे-बिल एवढीच साधने होती. हिशेब आगारात जमा होई, पण कोणता प्रवासी कुठून कुठे गेला, हे पेटीतल्या तिकिटांच्या क्रमांकांवरून सहजासहजी कळत नसे. वाहकांच्या हाती तिकीट देणारे यंत्र आल्यावर हे चित्र पालटले. एसटीचे भाडे टप्प्यांवर आकारले जाते आणि एक टप्पा सहा किलोमीटरचा असतो. म्हणून वाहकाला प्रत्येक प्रवाशाला ‘कुठे जायचे’ हे विचारावेच लागते, आणि त्या उत्तरासरशी चढण्याचा टप्पा, उतरण्याचा टप्पा, वेळ आणि तिकिटाचा प्रकार या चारही गोष्टी यंत्रात नोंदल्या जातात. लंडनच्या बसमध्ये प्रवासी चढताना कार्ड लावतो, उतरताना लावत नाही, कारण तिथे अंतर कितीही असले तरी भाडे एकच; तो कुठे उतरला असेल, याचा अंदाज त्याच कार्डाच्या पुढच्या वापरावरून बांधावा लागतो. ज्या माहितीसाठी तिथल्या नियोजकांना गणिती तर्क लढवावे लागतात, ती माहिती एसटीचा वाहक रोजच्या कामाच्या ओघात गोळा करतो. या संपत्तीची पुरेशी जाण मराठी सार्वजनिक चर्चेत क्वचितच दिसते, आणि ती दिसायला हवी.

तरीही या नोंदीला सांधे आहेत आणि ते सांधे निखळलेले आहेत. दोन टप्प्यांच्या मधल्या थांब्यावर, वाडीच्या फाट्यावर किंवा नुसता हात दाखवून चढलेल्या प्रवाशाचे तिकीट टप्प्याच्या नावाने निघते, त्यामुळे सहा किलोमीटरांच्या पट्ट्यातल्या चार वाड्या नोंदीत एकाच नावाखाली गडप होतात. गाडी बदलली की तिकीटही नवे. त्यामुळे गावातून तालुक्याला आणि तिथून जिल्हा रुग्णालयाकडे निघालेल्या रुग्णाचा एक प्रवास दोन अनोळखी प्रवाशांचे दोन प्रवास म्हणून नोंदला जातो, आणि तालुक्याच्या स्थानकावर त्याने काढलेला दीड तास कुठल्याच रकान्यात बसत नाही. पासधारकांचे आणखी वेगळे. शाळा-कॉलेजांचे विद्यार्थी आणि अहिल्याबाई होळकर योजनेतल्या मोफत पासच्या मुली फक्त पास काढताना मोजल्या जातात. पुढे त्यांच्या प्रत्येक चढण्याउतरण्याची नोंद झाली नाही, तर रोजच्या गर्दीतला सर्वांत नियमित भाग केवळ गृहीतकावर उभा राहतो. उपनगरी रेल्वेतही पासधारकाने महिन्यात अमुक इतके प्रवास केले असे मानूनच प्रवासीसंख्या काढली जाते. आणि गाडी गच्च भरल्यामुळे चालकाने थांब्यावर गाडी न थांबवता पुढे नेली, तर मागे राहिलेले पंधरा जण तर मोजदादीच्या बाहेरच राहतात; वस्तुतः त्या मार्गावर गाडी कमी पडते याचा सर्वांत सबळ पुरावा तेच असतात.

या नोंदींतून जे परिमाण सर्वाधिक वापरले जाते ते म्हणजे भारमान. गाडीत जितकी आसने आणि ती जितके किलोमीटर धावली, त्यांच्या गुणाकाराच्या तुलनेत प्रवाशांनी प्रत्यक्ष केलेला प्रवास शेकडा किती, ते भारमान. आगाराच्या कामगिरीचा अंदाज घ्यायला ते उपयुक्त आहे. एखादी फेरी ठेवायची की काढायची याचा निवाडा करायला मात्र ते अपुरे आहे. सकाळी तालुक्याकडे भरून जाणारी गाडी उलट्या दिशेने रिकामी परतते, कारण त्या वेळी तालुक्यातून खेड्याकडे जाण्याचे कुणाला कारण नसते. म्हणजे एका दिशेची प्रत्येक सीट भरली, तरी जाऊन-येऊन भारमान पन्नासाच्या वर जाणे अवघड. लांब पल्ल्याच्या शहर-ते-शहर गाडीला हा भार वाहावा लागत नाही. दोघींना एकाच काट्याने जोखले की खेड्याची गाडी नेहमीच हलकी भरते.

मुक्कामी गाडीचे उदाहरण इथे बारकाईने पाहण्यासारखे आहे. संध्याकाळी तालुक्याहून निघालेली गाडी आठ-साडेआठला शेवटच्या गावी पोचते, चालक-वाहक शाळेच्या ओसरीवर किंवा ग्रामपंचायतीच्या खोलीत झोपतात आणि पहाटे सहाला तीच गाडी दूधवाले, कॉलेजची मुले, दवाखान्यात जाणारे म्हातारे आणि तहसीलचे काम असलेले शेतकरी यांना घेऊन निघते. संध्याकाळच्या फेरीच्या नोंदीत शेवटच्या दोन टप्प्यांवर तीन-चार तिकिटे दिसतात, आणि मुक्कामाचा भत्ता, गाडीची सुरक्षितता, कर्मचाऱ्यांची निवासाची अडचण या बाबी हिशेबात धरल्या की ही फेरी तोट्याची ठरते. ती बंद करून सकाळी आगारातून रिकामी गाडी वर पाठवायची म्हटले, तर ती गावात पोचेपर्यंत आठ वाजतात आणि परत तालुक्याला येईपर्यंत साडेनऊ. साडेसातचे ज्युनियर कॉलेज चुकलेल्या मुलींपैकी काही मामाच्या गावी राहायला जातात, काहींचे शिक्षण दहावीनंतर थांबते. मुले मोटारसायकलीवर तिघे तिघे जाऊ लागतात. बाकीचे वडापने किंवा काळी-पिवळीने जातात आणि त्या जीपमध्ये कोणतेही तिकीटयंत्र नसते. सहा महिन्यांनी आठ वाजताच्या फेरीचे भारमान पाहिले जाते, ते पूर्वीपेक्षाही कमी निघते, आणि या मार्गावर मागणीच उरलेली नाही असा निष्कर्ष कागदोपत्री निर्दोषपणे काढता येतो. आकड्यांत कुठेही लबाडी नसते. पहिल्या निर्णयाचा परिणाम दुसऱ्या निर्णयाचा पुरावा म्हणून वापरला जातो, इतकेच. आणि अशा रीतीने एखादा मार्ग दोन-तीन वर्षांत नकाशावरून पुसला जातो, तोही कुणी एकाने तसे ठरवलेले नसताना.

दबून राहिलेली मागणी ही केवळ कल्पना नाही, हे अलीकडच्या काही घटनांवरून दाखवता येते. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीच्या सर्व प्रकारच्या गाड्यांत निम्म्या भाड्यात प्रवास करता येऊ लागला आणि महिला प्रवाशांची संख्या लक्षणीय वाढली. त्याच वर्षी ११ जूनपासून कर्नाटकात महिलांना साध्या गाड्यांतून मोफत प्रवास देणारी शक्ती योजना सुरू झाली, तेव्हा तिथेही तेच दिसले. रस्ते तेच, गावे तीच, नातेवाईक आणि दवाखानेही तेच. म्हणजे हा प्रवास करण्याची गरज आधीही होती आणि फेब्रुवारी २०२३ च्या तिकीटनोंदींत तिचा मागमूस नव्हता. एसटीच्या सवलतीने आणखी एक गोष्ट नकळत साधली. सवलतीची भरपाई शासनाकडून मागायची तर प्रत्येक सवलतीच्या तिकिटाचा वेगळा हिशेब ठेवणे भाग पडले, आणि स्त्रिया कोणत्या मार्गावर, कोणत्या वेळी, किती अंतर जातात याची तपशीलवार नोंद त्यातून तयार होऊ लागली. पुरुषांचा प्रवास बहुधा सकाळी कामावर आणि संध्याकाळी घरी असा सरळ असतो, तर स्त्रियांचा दुपारचा, तुकड्यातुकड्यांचा, बाजार-दवाखाना-माहेर असे थांबे घेत होणारा. ही गोष्ट जगभरच्या वाहतूक-अभ्यासकांनी सांगितलेली असली, तरी दुपारच्या फेऱ्या कमी करण्याची आगारांतील सवय बदलायला स्वतःच्या यंत्रातला पुरावा अधिक उपयोगी पडेल.

उलट्या बाजूचा पुरावाही आहे. ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळात एसटी कर्मचाऱ्यांचा संप चालला आणि त्या महिन्यांत असंख्य मार्गांवर तिकिटांची संख्या शून्य होती. त्या शून्याचा अर्थ लोकांना प्रवास नको होता असा कोणी लावणार नाही. मग ज्या गावात गाडी कधी पोचलीच नाही तिथल्या शून्याचा अर्थ वेगळा कसा लावता येईल? गडचिरोली जिल्ह्याच्या अहेरी भागातून गर्देवाड्याकडे जाणारी बस २०२५ च्या पहिल्या दिवशी सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर सत्याहत्तर वर्षे त्या बाजूच्या गावांची प्रवासनोंद कोरी होती, आणि कोऱ्या नोंदीवर विसंबून राहिले असते तर ती गाडी अजूनही सुटली नसती.

तिकिटांच्या बाहेरचे स्रोत पाहिले तर त्यांचीही नजर ठरावीक दिशेलाच असते. २०११ च्या जनगणनेत कामाच्या ठिकाणाचे अंतर आणि प्रवासाचे साधन विचारले गेले, ही मोठी सोय झाली. परंतु हा प्रश्न शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगांतले कामकरी वगळून उरलेल्या ‘इतर’ कामकऱ्यांपुरता होता, आणि कोणत्या दिशेने जाता हे त्यात नव्हते. ग्रामीण महाराष्ट्राचा फार मोठा भाग त्यामुळे त्या कोष्टकांत येतच नाही, विद्यार्थी आणि घरकाम सांभाळणाऱ्या स्त्रिया तर नाहीतच. त्यातच २०२१ ची जनगणना लांबणीवर पडून २०२७ वर गेली, त्यामुळे आजचे नियोजन दीड दशकापूर्वीच्या कामकऱ्यांकडे पाहून करावे लागते. घरोघर जाऊन केलेली पाहणी याहून समृद्ध असते. मुंबई महानगर प्रदेशासाठी २००५ ते २००८ या काळात झालेल्या ‘ट्रान्सफॉर्म’ अभ्यासात अशा पाहणीतून दिसले की प्रदेशातले निम्म्याहून अधिक प्रवास पायी होतात, जे कोणत्याही तिकीटखिडकीवर कधीच कळले नसते. अशी पाहणी खर्चिक असते म्हणून ती महानगरांपुरतीच राहिली आहे. एखाद्या जिल्ह्याचा, एसटी-वडाप-मोटारसायकल-पायी असा सगळा प्रवास मोजणारी पाहणी व्हायला हवी, असे जिल्हा नियोजनात सहसा कुणी म्हणत नाही.

मोबाईलच्या नोंदींबद्दल अलीकडे फार आशा बाळगली जाते. त्यासाठी नेहमी दाखला दिला जातो तो सोलचा. २०१३ साली त्या शहराने मध्यरात्रीनंतरच्या बसचे मार्ग आखताना एका दूरसंचार कंपनीच्या सुमारे तीनशे कोटी कॉलनोंदी तपासल्या, रात्री लोक कुठे असतात आणि घर कुठे असते हे जुळवले आणि मार्ग ठरवले. ती योजना यशस्वी झाली, कारण तिथले लोक रात्री बाहेर होतेच; बस नव्हती म्हणून ते टॅक्सीने जात होते आणि मनोऱ्यांचे जाळे दाट असल्यामुळे त्यांची हालचाल दिसत होती. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर एका मनोऱ्याखाली आठ-दहा वाड्या येतात, घरातला एकच फोन बापाच्या खिशात असतो, आणि गाडी नाही म्हणून जी मुलगी घरीच राहिली तिची कोणतीही हालचाल झालेली नसते. न घडलेला प्रवास मोबाईललाही दिसत नाही.

याचा अर्थ नोंदी टाकून द्याव्यात असा नाही. कोणता प्रश्न नोंदींना विचारायचा आणि कोणता त्यांच्यावर सोडायचा नाही, याची सीमारेषा आखणे हा खरा मुद्दा आहे. गावाला गाडी मिळावी की नाही, हा प्रश्न प्रवासीसंख्येच्या आधीचा आहे, आणि इतर क्षेत्रांत शासनाने तो तसाच सोडवलेला आहे. २००० साली सुरू झालेल्या पंतप्रधान ग्रामसडक योजनेने सपाट प्रदेशात ५०० आणि डोंगरी किंवा आदिवासी भागात २५० लोकवस्तीचे गाव बारमाही रस्त्याला पात्र मानले. त्या रस्त्यावर दिवसाला किती वाहने जातील ही अट पात्रतेसाठी घातली नाही. रस्ता लोकवस्तीच्या हक्काने मिळतो आणि त्यावरून धावणाऱ्या गाडीला मात्र भारमानाची परीक्षा द्यावी लागते, ही विसंगती एकाच राज्यव्यवस्थेत वर्षानुवर्षे नांदत आहे. ज्याच्याकडे स्वतःचे वाहन आहे त्याच्यापुरताच तो रस्ता पूर्ण होतो.

झुरिक परगण्यात ही विसंगती कायद्याने दूर केलेली दिसते. तिथे रहिवासी, नोकऱ्या आणि शिक्षणाच्या जागा मिळून किमान ३०० भरणाऱ्या वस्तीला सार्वजनिक वाहतूक देणे बंधनकारक आहे. प्रवासी मोजले जातात, पण ते सेवेचा दर्जा चढवायचा का, गाडी लहान लावायची की मोठी, हे ठरवण्यासाठी. स्वित्झर्लंडची संपत्ती महाराष्ट्राच्या खेड्यांकडे नाही, हा आक्षेप खरा आहे आणि म्हणून किमान सेवेची पातळीही वेगळी असेल. पण पात्रता आधी आणि मोजदाद नंतर, हा क्रम पाळायला श्रीमंती लागत नाही. महाराष्ट्रातही त्याचा अनुभव आहे: मानव विकास कार्यक्रमाखाली राज्यातील १२५ मागास तालुक्यांत मुलींना शाळेत नेण्यासाठी एसटीच्या गाड्या दिल्या गेल्या, तेव्हा आधी गरज मानली गेली आणि फेऱ्या शाळेच्या वेळांवरून बेतल्या गेल्या.

गरज मोजण्याचीही पद्धत आहे. अभ्यासक तिला पोच म्हणतात: एखाद्या गावातून सकाळी निघून अकराच्या आत कॉलेज, ग्रामीण रुग्णालय, तहसील कचेरी, बाजार यांपैकी कुठे कुठे जाता येते, आणि काम उरकून त्याच संध्याकाळी घरी परतता येते का. यातले ‘परतता येते का’ फार मोलाचे; सकाळी जाणारी गाडी आहे पण दुपारी चारनंतर येणारी नाही, अशा गावाची नोंद आज ‘बससेवा असलेले गाव’ अशीच होते. हा हिशेब करायला प्रवाशांच्या नोंदी लागतच नाहीत. गावनिहाय लोकसंख्या, शाळा-कॉलेजांची पटसंख्या, आरोग्यकेंद्रांची ठिकाणे आणि गाड्यांचे वेळापत्रक एवढे पुरते. वेळापत्रक मात्र संगणकाला वाचता येईल अशा मांडणीत हवे; थांबे, मार्ग आणि वेळा यांची अशी एक सर्वमान्य मांडणी २००५ च्या सुमारास अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरापासून रूढ झाली आणि २०१८ साली दिल्लीच्या बसगाड्यांची माहितीही त्याच मांडणीत सर्वांसाठी खुली करण्यात आली. प्रत्येक आगाराचे वेळापत्रक असे खुले झाले, तर कोणत्याही जिल्ह्यातला भूगोलाचा शिक्षक किंवा पंचायत समितीचा सदस्यही पोच तपासू शकेल, आणि फेरी बंद करण्याआधी किती विद्यार्थ्यांची वाट बंद होते हे कागदावर मांडावे लागेल.

पोच ठरली की तिकीटयंत्रातल्या नोंदींचा खरा उपयोग सुरू होतो. आठवडे बाजाराच्या दिवशी एकाच मार्गावर तिप्पट गर्दी होते आणि उरलेले सहा दिवस ती ओसरते, हे महिन्याच्या सरासरीत कधीच दिसत नाही. वाराप्रमाणे नोंदी वेगळ्या केल्या तर बुधवारी जादा गाडी आणि गुरुवारी लहान गाडी असा निर्णय घेता येतो. ऊसतोडीला माणसे गेल्यावर रिकामी झालेली गावे, परीक्षेचे दिवस, यात्रा, भातलावणी यांचे चढउतार नोंदींत स्पष्ट उमटतात. दोन तिकिटांच्या वेळा शेजारी ठेवल्या तर तालुक्याच्या स्थानकावर गावाकडची गाडी पोचण्याआधी पाच मिनिटे जिल्ह्याची गाडी सुटते, अशा जागा सापडतात, आणि तिथे एका पैशाचा खर्च न करता दहा मिनिटांच्या फरकाने शेकडो लोकांचा दिवस वाचतो. नवी फेरी सुरू करायची तर तिला निदान एक शैक्षणिक वर्ष द्यावे. गाडी पुढच्या महिन्यात असेल की नाही याची खात्री नसताना कोणी तिच्या भरवशावर कॉलेजात नाव घालत नाही, त्यामुळे दोन महिन्यांच्या नोंदीवरून दिलेला निकाल गाडीविषयी काही सांगत नाही, तो केवळ लोकांच्या अविश्वासाचे माप असतो. मागे राहिलेल्या प्रवाशांसाठी यंत्रात एक बटण ठेवणे आणि वाहकाला ते दाबण्याची मुभा देणे, ही अगदी किरकोळ सुधारणाही नोंदीचा अर्थ बदलू शकेल.

नोंदी खुल्या करताना एक धोका सांभाळावा लागेल. मेलबर्नच्या प्रवासकार्डांच्या नावे काढून टाकलेल्या नोंदी २०१८ साली अभ्यासासाठी दिल्या गेल्या, आणि थोड्याशा माहितीवरून त्यातली माणसे ओळखता येतात हे संशोधकांनी दाखवून दिले. ज्या टप्प्यावर पहाटे रोज एकच मुलगी चढते तिथे नाव काढून काहीच लपत नाही. म्हणून सर्वांसाठी द्यायचे ते वेळापत्रक आणि एकत्रित आकडे. एकेका प्रवासाची ओळ नव्हे.

उरतो पैशाचा प्रश्न, आणि तो टाळून चालणार नाही. एसटी तोट्यात आहे, इंधन आणि पगार भागवताना आगाराची ओढाताण होते, आणि जिथे चार प्रवासी आहेत तिथे गाडी पाठवण्याचा आग्रह त्याच आगाराच्या कामगिरीवर उठतो. पण शासन एसटीला पैसे देतच नाही असे नाही. महिला, ज्येष्ठ नागरिक आणि विद्यार्थी यांच्या सवलतींची मोठी भरपाई ते देते. ही भरपाई तिकिटागणिक मिळते. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आहे, पण ज्या वाडीत गाडीच येत नाही तिथल्या ऐंशी वर्षांच्या आजीच्या नावाने शासनाचा एक रुपयाही खर्च होत नाही, आणि वर्दळीच्या महामार्गावरच्या आजोबांच्या नावाने तो रोज होतो. अनुदानही अशा रीतीने झालेल्या प्रवासाच्याच मागे जाते. त्यातला काही हिस्सा तिकिटांपासून सोडवून, पोचेच्या हिशेबात ठरलेल्या किमान फेऱ्यांच्या प्रत्येक किलोमीटरमागे आगाराला द्यायचा आणि त्या फेऱ्या भारमानाच्या यादीतून वेगळ्या काढायच्या, असे केले तर मुक्कामी गाडी चालू ठेवणे आगार व्यवस्थापकाला अंगावर घ्यावे लागणार नाही. ते त्याच्या कामाचा मोबदला मिळणारा भाग होईल, आणि ती फेरी वेळेवर सुटली की नाही हे त्याच तिकीटयंत्राच्या पहिल्या नोंदीवरून रोज तपासता येईल.